घरून फोन उचलणारं कस्टमर केअर : आमच्या नेटवाल्या कंपनीचा रिव्ह्यू, गोव्यातल्या साखळीहून

नेटला चार स्टार, कस्टमर केअरला दीड. आधीच सांगून टाकते, ज्यांना फक्त रेटिंग बघायचंय त्यांचा वेळ वाचेल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हा प्रकार एकाच कंपनीत चाललाय असं नाही, आणि नाव लिहिलं की सगळं बोलणं त्या नावाभोवतीच फिरत राहतं. मला बोलायचंय ते वेगळं आहे. फोनवरची माणसं आता घरून काम करतात, त्याला माझा अजिबात विरोध नाही, उलट चांगलंच आहे असं मी म्हणेन, पण घरून काम करणाऱ्या माणसाच्या मागे कंपनी उभी नसेल तर त्रास ग्राहकाला होतो, शिव्या त्या फोनवरच्या पोरीला पडतात आणि ज्यांनी हे सगळं ठरवलं ते दोघांनाही कधी भेटत नाहीत.

माझं साखळीत छोटं दुकान आहे. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, पण मुख्य काम ऑनलाईन फॉर्मचं. उत्पन्नाचा दाखला, पंधरा वर्षांचा रेसिडन्स दाखला, गृह आधार, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे कागद, लाईटबिलं, पाण्याची बिलं, नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. होंडा, मोर्ले, न्हावेलीहून लोक बस पकडून येतात, त्यात बरेच वयस्कर. नेट बंद असलं की त्यांना परत पाठवावं लागतं आणि ते मला खरंच बघवत नाही, अर्ध्या दिवसाची मजुरी टाकून आलेला माणूस असतो तो. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून एखादा फॉर्म जातो, पण स्कॅन केलेले कागद अपलोड करायचे म्हटलं की पावसात ते टॉवरचं नेट गोल गोल फिरतच राहतं. म्हणून माझ्यासारखीला नेट कनेक्शन म्हणजे नुसता स्पीड नाही, ते बंद पडल्यावर पलीकडून कोण बोलतं आणि किती वेळात काम होतं हे त्या महिन्याच्या पैशात धरलेलं असतं.

स्पीडबद्दल तक्रार नाही हे प्रामाणिकपणे सांगते. फायबर आल्यापासून उन्हाळ्यात एकदम मस्त चालतं, व्हिडिओ केवायसी असो की मोठी पीडीएफ असो, अडत नाही. चार स्टार त्याचेच.

आता जुलैची गोष्ट. साखळीत राहणाऱ्यांना माहीत आहे, वाळवंटीला पाणी चढायला लागलं की आपलं अर्धं लक्ष नदीकडेच असतं, तसा तो आठवडा होता. वाऱ्याने दुकानामागचा माड तारांवर पडला, लाईट गेली आणि आमची फायबरही तुटली. वीज खात्याची माणसं आली, भर पावसात माड कापून संध्याकाळपर्यंत लाईट सुरू करून दिली, त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. राऊटरवरचा एलओएसचा, म्हणजे फायबरचा सिग्नल नसल्याचा, लाल दिवा मात्र तसाच. मी कस्टमर केअरला फोन लावला.

आधी इंग्रजीसाठी एक, हिंदीसाठी दोन, मग प्लॅनची जाहिरात, मग रिचार्जची आठवण, मग कुठे तक्रारीसाठी अमुक दाबा. त्यानंतर होल्डची धून, ती बराच वेळ. शेवटी एक मुलगी आली, आवाजावरून लहान वाटत होती, बोलायला अगदी नम्र. मागे कुकरची शिट्टी झाली, कुणाचं तरी बाळ रडत होतं, तिने लगेच सॉरी मॅडम म्हटलं. मी म्हटलं अगं सॉरी कशाला, घर आहे, आवाज असणारच. इथवर काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढे. तिचा आवाज तुटत होता, दोन शब्द यायचे, एक गायब व्हायचा, आणि तिच्याकडे माझं खातंच उघडत नव्हतं. मॅडम सिस्टीम स्लो आहे, मॅडम व्हीपीएन (घरून ऑफिसच्या सिस्टीमला जोडणारी वाट) पुन्हा कनेक्ट करते, मॅडम जरा होल्डवर राहा. शेवटी तिने माझं खातं न उघडताच तोंडी विचारून तिकीट काढलं, म्हणजे तक्रार नोंदवली, मी साखळी सांगितलं, तिला सांगली ऐकू गेलं, आणि पत्ता परत वाचून दाखवायच्या आतच कॉल कट झाला. तिच्याकडून परत फोन आला नाही. डॉकेट नंबरचा, म्हणजे तक्रार क्रमांकाचा, मेसेज तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी टेक्निशियनचा फोन आला की मॅडम तुम्ही सांगलीत नक्की कुठे राहता.

मी परत फोन लावला. नवीन माणूस, त्याला पहिल्यापासून सगळी कथा सांगितली. तो म्हणाला जुनं तिकीट उघडं असताना नवीन निघत नाही, आणि जुनं रद्द करायचा अधिकार फक्त टीएलला, म्हणजे टीम लीडरला. मग टीएलला विचार ना. चॅटवर टाकलंय मॅडम, रिप्लाय येत नाहीये. तो बिचारा खरंच वाट बघत होता, मध्ये मध्ये येऊन अजून रिप्लाय नाही असं सांगायचा आणि परत होल्ड. मग काही तासांनी मेसेज, तुमची तक्रार सोडवली आहे, कारण काय तर कस्टमर नॉट रीचेबल. मी दिवसभर दुकानात फोन हातात घेऊन बसलेली! त्या दिवशी एका मुलीच्या कॉलेज प्रवेशाचा दाखला अडकला, शेवटची तारीख होती, तिला पेनड्राईव्हवर सगळं देऊन डिचोलीला पाठवली तेव्हा कुठे तिचं काम झालं.

आणि सगळ्यात वाईट प्रकार त्यानंतरचा. कस्टमर केअरच्या आणखी एकाने मला त्याच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर आधार आणि बिलाचा फोटो पाठवायला सांगितलं, म्हणजे मी इथून पत्ता दुरुस्त करून घेतो, ईमेलला वेळ लागेल. त्याचा हेतू चांगला असेल, मला तसंच वाटतं, माझं काम लवकर व्हावं म्हणूनच तो बोलत असेल. पण मी सरळ नाही म्हटलं. रोज दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी सांगते की फोनवर कुणी आधार मागितलं तर द्यायचं नाही, ओटीपी सांगायचा नाही, अनोळखी मोबाईल नंबरवर काही पाठवायचं नाही, आणि इथे कंपनीचाच माणूस तेच मागतोय, तेही घरच्या खासगी मोबाईलवरून. मग खरा कोण आणि ठग कोण हे त्या पेन्शनवाल्या आजोबांनी ओळखायचं कसं? अडीच देणार होते, या एका गोष्टीसाठी अख्खा एक स्टार कापलाय.

नेट सुरू कसं झालं तेही सांगते. शेजारच्या दुकानदाराने नेट कंपनीच्या डिचोलीच्या लाईनमनचा नंबर दिला. दादांना फोन केला तर ते म्हणाले बाय, माझ्याकडे तुझं तिकीटच आलेलं नाही, तिकीट आल्याशिवाय मला मटेरियल मिळत नाही. त्यांनीच मग आपल्या साहेबाला सांगून तिकीट इकडे ओढून घेतलं आणि स्प्लाइसिंग मशीन घेऊन आले, भिजत उभं राहून तासाभरात फायबर जोडून दिली. म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा माणूस हजर होता, त्याला काम येत होतं आणि तो करायलाही तयार होता, मधला निरोप तेवढा पोचत नव्हता.

आता याला लोक पटकन काय म्हणतात, की घरून काम करतात ना, मग असंच होणार, लक्ष नसतं, आरामात बसलेले असतात. मला हे पटत नाही. माझी मावसबहीण डिचोलीत घरी बसून एका विमा कंपनीचे कॉल घेते, तिचा दिवस मी बघितलाय. लॉगिनला पाच मिनिटं उशीर झाला तरी दिसतं, पाणी प्यायला उठायचं तर ब्रेकचा कोड टाकावा लागतो, कॉल संपला की नोंद लिहायला मोजकी सेकंदं, की पुढचा कॉल येऊन आदळतो. कुठला आराम?

तिने मला जे समजावलं त्यावरून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऑफिसात फ्लोअरवर असताना ग्राहकाने काही वेगळं विचारलं की ती हात वर करायची, टीएल मागे येऊन उभा राहायचा, नाहीतर बाजूची मुलगीच म्हणायची अगं ते दुसऱ्या स्क्रीनवर आहे, तिकडे बघ. काम सुटायचं. घरून तोच प्रश्न चॅटवर लिहायचा आणि वाट बघायची, टीएलच्या चॅटवर त्याच वेळी सगळी टीम काही ना काही विचारत असते. आणि इकडे एएचटी, म्हणजे एका कॉलला सरासरी किती वेळ घेतला त्याचा हिशोब, तो चालूच असतो. एएचटी वाढला की रेटिंग खाली, रेटिंग खाली गेलं की इन्सेन्टिव्ह गेला. मग ज्या मुलाला टीएल उत्तर देत नाही त्याने काय करायचं? कॉल कसाबसा संपवायचा, तिकीट कुठल्या तरी कारणाने बंद करायचं. माझं तिकीट नॉट रीचेबल म्हणून बंद झालं ते त्या मुलाचा कामचुकारपणा म्हणून नव्हे, तर त्याच्यापुढे दुसरा रस्ता ठेवलेला नव्हता म्हणून, असं मला आता वाटतं. ऑफिसातली ती मागे येऊन उभी राहणारी मदत घरी पोचवायची व्यवस्था कंपनीने केलीच नाही, फक्त लॅपटॉप पाठवून दिला.

बहिणीच्या कंपनीत काय आहे ते ऐका, म्हणजे फरक कळेल. लॅपटॉप कंपनीचा, वायरवाला हेडसेट कंपनीचा, त्याचा माईक आजूबाजूचा आवाज कापतो. राऊटरला लॅन केबलनेच जोडायचं, वायफायवर कॉल घ्यायचा नाही अशी सक्ती. राऊटर आणि लॅपटॉपसाठी छोटा यूपीएस दिलाय. कॉल तुटला तर सिस्टीममधूनच परत लावायचा, त्याला वेगळा कोड आहे आणि तो वेळ एएचटीत धरत नाहीत. हप्ता कार्डाने भरायचा असेल तर ग्राहक नंबर फोनच्या बटणांवर दाबतो, हिला स्क्रीनवर नुसते ठिपके दिसतात आणि तेवढा वेळ रेकॉर्डिंग थांबतं. आठवड्यातून एक दिवस पणजीच्या ऑफिसात जावं लागतं, तिथे कठीण कॉल सगळे मिळून ऐकतात. काम घरचंच, पण मध्ये कंपनी आहे.

त्या लॅन केबलचं विशेष सांगते, कारण मी स्वतः नेटवर पोट भरणारी बाई, मला यात रस आहे. लोकांना वाटतं घरी नेट स्लो म्हणून आवाज तुटतो. तसं नसतं. इंटरनेटवरून चालणाऱ्या साध्या फोन कॉलला एका बाजूने साधारण १०० केबीपीएस पुरतात, म्हणजे आजच्या फायबरपुढे ते काहीच नाही. आवाज तुटतो तो पॅकेट, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे, उशिरा किंवा मागेपुढे पोचल्याने, त्याला जिटर म्हणतात, आणि घरातलं वायफाय, मध्ये दोन चिऱ्यांच्या भिंती, त्याच वायफायवर कुणीतरी क्रिकेट बघतंय, की झालं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी की एका बाजूचा आवाज दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलणं सहज होतं. व्हीपीएनमधून फिरून फिरून कॉल गेला की तो आकडा ओलांडला जातो आणि दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. त्यात जुन्या पद्धतीच्या फोनवर आवाजाचा फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच भाग जातो, व्यंजनं आधीच पुसट, म्हणून साखळीची सांगली व्हायला वेळ लागत नाही. उपाय काय, तर एक वायर आणि एक बरा हेडसेट. आणि खातं उघडत नसेल तर निदान पिनकोड विचारून घ्यायचा, आमचा ४०३ ने सुरू होतो, सांगलीचा ४१६ ने, तिथल्या तिथे चूक पकडली असती.

कंपन्या म्हणतात हे सगळं अचानक आलं, तयारीला वेळ मिळाला नाही. २०२० च्या मार्चमध्ये हे म्हणणं बरोबर होतं. त्याआधी आपल्याकडे कॉल सेंटरच्या माणसाला घरून बसवायचं म्हणजे दूरसंचार खात्याच्या एवढ्या अटी, एक कोटी रुपयांच्या बँक गॅरंटीची भानगड, की फारसं कुणी त्या वाटेला जातच नव्हतं. कोविड आला तेव्हा त्या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या, मुदत वाढत गेली, आणि ५ नोव्हेंबर २०२० ला नवीन नियम आले त्यात घरूनच काय, देशात कुठूनही काम करायची मोकळीक दिली आणि ती बँक गॅरंटी काढून टाकली. २३ जून २०२१ ला आणखी सूट मिळाली. म्हणजे कंपन्यांची गॅरंटी वाचली, ऑफिसचं भाडं, एसी, कर्मचाऱ्यांच्या बस, सगळ्यात बचत झाली. त्याला आता वर्षं झाली. त्या बचतीतला थोडा भाग हेडसेट आणि यूपीएसवर घालायला काय हरकत होती, हा माझा साधा प्रश्न आहे.

आणि घरून काम चांगलं होऊ शकतं याला पुरावा आहे. चीनमध्ये सीट्रिप नावाची मोठी ट्रॅव्हल कंपनी आहे, तिच्या शांघायच्या कॉल सेंटरवर स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, कोविडच्या कितीतरी आधी, २०१० च्या शेवटी सुरू करून नऊ महिने. तयार असलेल्या लोकांपैकी ज्यांची जन्मतारीख सम त्यांना घरी बसवलं, विषमवाले ऑफिसात. घरी बसलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, त्यातले ९ टक्के ब्रेक आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळे आणि ४ टक्के दर मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. कामाचा दर्जाही घसरला नाही. पण यात वाचायची गोष्ट पुढे आहे. घरी बसायला परवानगी कुणाला होती, तर ज्याला कंपनीत सहा महिने झालेत, ज्याच्याकडे स्वतंत्र खोली आहे आणि ब्रॉडबँड आहे त्यालाच. आणि पाचातला एक दिवस ऑफिसात. एवढं सगळं करूनही नंतर निवड करायला सांगितलं तेव्हा त्यांच्यातले निम्मे लोक परत ऑफिसात गेले, घरी एकटं वाटतं म्हणून. आमच्या कंपनीने काल भरती झालेल्या मुलीला, बाळ शेजारी रडतंय अशा खोलीत, पहिल्याच आठवड्यात कॉलवर बसवलं असेल तर तिच्याकडून कसली अपेक्षा करायची?

मला चांगला अनुभवही आलाय, तो सांगायलाच हवा. त्याच पावसात दुकानाच्या इन्व्हर्टरची बॅटरी गेली, वॉरंटीत होती. त्या कंपनीच्या ताई फोनवर आल्या, मी गोव्यातून म्हटल्यावर लगेच मराठीत बोलायला लागल्या, कुडाळकडच्या होत्या. पहिलंच वाक्य, ताई मी घरून बोलतेय, आमच्याकडे पण लाईट येऊन जाऊन आहे, कॉल कट झाला तर तुम्ही परत लावू नका, मीच लावेन, तुमचा नंबर आणि तक्रार आत्ता आधी लिहून घेते. आणि खरंच कट झाला. आणि खरंच त्यांनी परत लावला, बोलणं जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू. बॅटरीचा सिरीयल नंबर परत वाचून दाखवला, गावाचं नाव तालुक्यासकट विचारलं. बॅटरी बदलून मिळायला वेळ लागला, स्टॉक नव्हता, पण मध्ये मध्ये त्यांनीच कळवलं. मला राग आला नाही कारण मी अंधारात नव्हते. त्या कंपनीला मी डोळे मिटून पाच देते, आणि त्याही घरूनच बोलत होत्या!

भाषेचं पण यात आलं. आमच्या नेटवाल्या कंपनीत मराठी हवी असेल तर आधी हिंदीत जाऊन मग विनंती करावी लागते, कोंकणीचा तर पत्ताच नाही. आमच्याकडे येणारी वयस्कर माणसं घरात कोंकणी बोलतात, मराठी वाचतात, हिंदी त्यांना समजते पण तक्रार मांडायला जमत नाही. ऑफिस जेव्हा दूरच्या शहरातच होतं तेव्हा तिथे गोव्याची मुलं नव्हती म्हणून समजू शकत होते. आता माणूस कुठूनही काम करू शकतो तर पेडणे, सत्तरी, काणकोणच्या मुलामुलींना घ्या ना, शिकलेली आहेत, पणजीला रोज जाऊन येऊन जीव मेटाकुटीला येतो त्यांचा. कदंबाची शेवटची बस चुकायची भीती नको. लग्न होऊन नोकरी सोडलेल्या कितीजणी मला दुकानात विचारतात, ताई घरून करण्यासारखं काही काम आहे का. फोनवर साखळी म्हटलं की सांगली न ऐकणारी माणसं इथेच बसलेली आहेत.

आता ज्यांना माझ्यासारखाच त्रास होतोय त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. फोन झाल्यावर डॉकेट नंबर घेतल्याशिवाय ठेवू नका, टेलिकॉम आणि ब्रॉडबँडच्या तक्रारीला तो द्यायलाच हवा असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, २०१२ पासूनचा नियम आहे, आणि तक्रार चुकीची बंद केली तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. ही अपीलची सोय बहुतेकांना माहीतच नसते, फोनवरचा माणूस आपणहून सांगत नाही, मी ती वापरली आणि मगच मला बंद दिवसांचे पैसे बिलातून वजा करून मिळाले. मोबाईल कंपन्यांसाठी तर ट्रायचा निकष आहे की ९५ टक्के कॉलना ९० सेकंदांच्या आत माणसाने उत्तर द्यायचं, तो माणूस ऑफिसात बसलाय की स्वयंपाकघराच्या बाजूला याने त्यात काही फरक पडत नाही. ऑनलाईन खरेदीची तक्रार असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. कुठेच काही होत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. बँकेची तक्रार असेल आणि ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी १४४४८.

आणि कुणी कंपनीतून बोलतोय म्हणून साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून फोन करून कागद मागत असेल तर देऊ नका, कितीही गोड बोलला तरी. बँका, विमा अशांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर आहेत, जाहिरातीच्या कॉलना १४०. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीची हेल्पलाईन १९३०, नंतर बघू म्हणून थांबायचं नाही. हे मी दुकानात कागदावर मोठ्या अक्षरात लिहून लावलंय.

कंपनीला मी अपीलमध्येच लिहून दिलंय मला काय हवंय ते. कॉल तुटला तर तुमच्या माणसाने परत लावायचा आणि तो वेळ त्याच्या नावावर मोजायचा नाही. गाव, तालुका आणि पिनकोड परत वाचून दाखवल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. ग्राहकाने हो म्हटल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही. खासगी व्हॉट्सॲपवर एकही कागद मागायचा नाही, मागितला तर त्या मुलाला काढू नका, त्याला तसं का करावं लागलं ते आधी शोधा. चुकीचं तिकीट रद्द करायचा अधिकार फोनवरच्या माणसालाच द्या, त्यासाठी टीएलची वाट बघायला लावू नका. आणि पावसाळ्यात चार महिने गोव्याचे कॉल गोव्याची माहिती असलेल्या माणसांकडे वळवा. उत्तर आलं, तुमच्या सूचना संबंधित विभागाला पाठवल्या आहेत. ऑगस्टमध्ये एकदा परत कनेक्शन गेलं तेव्हा पत्ता परत वाचून दाखवला, एवढा फरक पडलाय, त्याचाच तो अर्धा स्टार. कॉल मात्र तेव्हाही तुटला आणि परत लावावा लागला तो मलाच.

वर्षाचा प्लॅन चवथीच्या आधी संपला, मी यावेळी वर्षभराचे पैसे एकदम भरले नाहीत, तीन महिन्यांचाच घेतला, महाग पडतो तरी. साखळी बाजारात दुसऱ्या एका कंपनीची फायबर येतेय, त्यांच्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारला की तुमचा कॉल मध्येच तुटला तर परत कोण लावतं. तो म्हणाला विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.